मैफलीतली झोप

लहान मुलांना संगीत महोत्सवाला न्यावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती सोयीचा आहे. पण तो थोडा खरवडला, की श्रोता घडतो कुठे, हा अधिक अवघड प्रश्न तळाशी सापडतो. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या निमित्ताने आम्हा दोघांपुढे तो गेली काही वर्षे दर डिसेंबरात उभा राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा.

पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पुढे अनेक वर्षे तो रमणबागेच्या पटांगणावर रात्र रात्र चाले. आमच्या पिढीतील कित्येकांनी तो प्रथम अनुभवला तो सतरंजीवर, आईच्या शालीत, अर्धवट झोपेत. घरून निघताना संसाराचा एक तुकडाच बरोबर घेतलेला असे : चादरी, कानटोप्या, थर्मासमधला चहा, डब्यातल्या दशम्या. लोक मांडवात हजेरी लावायला येत नसत, मुक्कामाला येत. आणि मुक्कामात मुलाने झोपणे गृहीतच असते. कोकणात दशावताराला नेलेले मूलही संकासुराला घाबरून आजीच्या कुशीत झोपी जाते आणि आख्यानातले युद्ध रंगले, की कुणीतरी त्याला हलवून उठवते. आपल्या परंपरेत रात्र जागवण्याच्या बहुतेक प्रकारांनी मुलांच्या झोपेला अशी जागा ठेवलेली आहे.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी झाली. वर्षातील मोजक्या दिवशी ती मध्यरात्रीपर्यंत शिथिल करण्याची मुभा तेवढी राज्यांना मिळाली. रुग्णांची, परीक्षार्थींची आणि शेजाऱ्यांची झोप राखणाऱ्या या नियमाविरुद्ध आमची तक्रार नाही. पण त्यानंतर महोत्सवाची रात्र आखूड झाली, आणि २०१८ पासून रमणबागही मागे पडून मांडव मुकुंदनगरला गेला. दुपारी सुरू होऊन रात्री आटोपणाऱ्या सत्रांत मारवा, पूरिया, यमन वेळेवर भेटतात. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग मात्र आपापल्या प्रहरांसह दुरावले. त्याहून कमी बोलला जाणारा बदल म्हणजे मुक्कामाचा कार्यक्रम झाला. कार्यक्रमात झोपलेले मूल आगंतुक ठरते.

इंग्लंडमधील ग्लास्टनबरीसारख्या तंबूंच्या महोत्सवात मुलांसाठी खेळांचे, कसरतींचे स्वतंत्र मैदान राखलेले असते. ती व्यवस्था प्रेमळच आहे. तरीही मूल मोठ्यांच्याच मैफलीत, त्यांच्याच सतरंजीवर बसते, तेव्हा जे घडते ते वेगळ्या मैदानात घडणार नाही, असे आम्हाला अनुभवाने वाटू लागले आहे.

विलंबित ख्यालाची पहिली वीस मिनिटे मुलांच्या कुवतीबाहेरची असतात, हे मान्य केले पाहिजे. त्या वेळात धाकटा समोरच्यांच्या टोप्या मोजतो. मुलीचे लक्ष मात्र मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्येकडे लागलेले असते. "ती ताई नुसतीच वाजवते, गात का नाही?" हा तिचा प्रश्न गुरुशिष्यपरंपरेवरील आमच्या वाचनाला पुरून उरला. गेल्या खेपेस तिला सम सापडली. ती गायकाकडून सापडली नाही, तबल्यावरूनही नाही. शेजारी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांचा हात मांडीवर पडत होता, त्यावरून सापडली. प्रथम तिने त्या हाताची नक्कल केली, मग मांडवभर तसेच पडणारे हात पाहिले, आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला तिचा हात त्यांच्याबरोबर पडला. घरी तेच गायन ध्वनिमुद्रिकेवर ऐकवून आम्हाला हे साधले नसते. ध्वनिमुद्रिकेत गायक असतो, श्रोते दिसत नाहीत. सम कळण्यासाठी तिला श्रोते दिसावे लागले.

याला दुसरी बाजू आहे. वर्षभर वाट पाहून आलेल्या रसिकाला आलाप शांततेत ऐकण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि मागून येणारी चिप्सच्या पिशवीची कुरकुर हा त्यावरचा आघातच. म्हणून आम्ही मांडवाच्या कडेला, वाटेजवळ बसतो. कुजबुज वाढली, की आळीपाळीने एकजण मुलांना घेऊन बाहेर पडतो. तरीही एकदा एका बाईंनी मागे वळून म्हटले, "एवढ्या लहानांना आणूच नये." त्यांचा त्रास खरा होता. त्या वाक्याचा अर्थ मात्र त्यांना अभिप्रेत होता त्याहून मोठा आहे. मुलांना आणू नये, म्हणजे कुणीतरी घरी राहावे. आणि हा 'कुणीतरी' आपल्या घरांतून बहुधा आई असते. मूल मोठे होईपर्यंतची सात-आठ वर्षे गाण्यावाचून काढलेल्या किती स्त्रिया आपल्या परिचयात आहेत, हे प्रत्येकाने मनाशी मोजून पाहावे. पूर्वीच्या सतरंजीवर मूल मांडीवर झोपत असे, म्हणूनच ती मांडी मैफलीत असे.

नऊच्या सुमारास धाकटा झोपतो. आम्ही त्याला शालीत गुंडाळतो आणि द्रुत ऐकतो. त्याच्या कानावर यातले काय पडते, कोण जाणे. त्याला काही कळावे, असा आमचा आग्रहही नाही. अभिजात कलांना श्रोते उरले नाहीत, अशी खंत आपण वर्गांतून आणि परिसंवादांतून नेहमी व्यक्त करतो. जो समाज आपल्या मैफलीत मुलाला झोपू देत नाही, त्याने पुढे तेच मूल तिथे जागे बसेल अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी?