ढबू मिरचीची सावली

वस्तूचे रंग देखणे असले की छायाचित्र आपोआप देखणे होते, असा माझा समज होता. म्हणून एका रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून मी बुट्टीभर रंगच विकत आणले : टोमॅटो, गाजरे, वांगी, लिंबे, ढबू मिरच्या. घरी टेबलावर त्यांची गर्दी मांडली, दव दिसावे म्हणून ग्लिसरीन मिसळलेले पाणी शिंपडले, डोक्यावरचा बल्ब लावला आणि वर फ्लॅशही उडवला.

आजी दारात उभी होती. ‘‘आरं, ह्यास्नी काय लावलंस? आता ही भाजी कुणाच्या ताटात वाढायची?’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या घरात कोथिंबिरीचे देठसुद्धा वाटणात जातात, तिथे त्या दिवशी बुट्टीभर भाजी फुकट गेली.

एवढे करून चित्र तरी साधावे! ते बियाण्यांच्या पाकिटासारखे दिसत होते. कुठे चुकले हे पाहण्यासाठी मी ते कृष्णधवल करून पाहिले, तर टोमॅटो आणि ढबू मिरची जवळजवळ एकाच करड्या छटेची! गोलाई नाही, वजन नाही. समोरून पडलेल्या फ्लॅशने सावल्या पुसून टाकल्या होत्या, आणि रंगांच्या झगमगाटात मला ते दिसलेच नव्हते.

एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३० साली एका ढबू मिरचीचे कृष्णधवल छायाचित्र घेतले. मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. तिच्या वळणांवरून उजेड असा फिरला आहे की रंगाची आठवणही होत नाही. पण इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्या कोल्हापुरातच बाबूराव पेंटरांनी १९२३ च्या ‘सिंहगड’ या मूकपटात कृत्रिम प्रकाश वापरला. पडद्यावर रंग नव्हताच. जे सांगायचे ते उजेड आणि अंधार यांनीच.

पुढच्या रविवारी आजीशी करार केला : भाजी विळीवर जाण्याआधीचा अर्धा तास माझा. ग्लिसरीन नाही, फ्लॅश नाही. बल्बही बंद, कारण त्याचा पिवळा उजेड खिडकीच्या उजेडात मिसळला की रंग बिघडतात. खिडकीवर आजीचे जुने पांढरे लुगडे ताणले, म्हणजे ऊन मऊ होऊन एकाच बाजूने आले. सावली अगदी काळीकुट्ट होऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला. मागे लाकडी पाट. पाटापुढे तीनच जिन्नस : वांगे, टोमॅटो, ढबू मिरची.

आजी बघत होती. पुढे होऊन तिने टोमॅटो चार बोटे बाजूला सरकवला. ‘‘लई दाटीत बसलाय गं बाई, जरा वारा लागू दे त्याला.’’

मोकळी जागा पडली आणि तिच्यात मिरचीची सावली अलगद येऊन बसली. वांग्याच्या पाठीवर खिडकी पांढऱ्या रेघेसारखी उमटली. मी श्वास रोखून बटण दाबले.

दुपारी ढबूची पीठ पेरून भाजी झाली. मिरची आम्ही सगळ्यांनी मिळून संपवली; तिची सावली मात्र माझ्यापाशी राहिली आहे.