माझी जीभ

तोंडांत निखारा धरून संसार करतां येतो का, असें चार वर्षांपूर्वीं कोणीं विचारलें असतें, तर मीं तें हंसण्यावारीं नेलें असतें. आज उत्तर देतां येईल. येतो, कारण तो निखारा दुसऱ्या कोणाला दिसत नाहीं.

आरंभ अगदीं साधा झाला. एका दुपारीं जिभेचें टोंक पोळल्यासारखें वाटूं लागलें. चहा कढत प्यालें असेन, अशी मीं मनाची समजूत घातली. आठ दिवस गेले, महिना गेला, तरी तो चहा कांहीं निवेना! सकाळीं उठल्यावर तोंड बहुधा शांत असे. दिवस वर येई तशी आग वाढे आणि दिवेलागणीच्या सुमारास जीभ, टाळू व ओठ यांवर मिरची वाटून लावल्यासारखें होई. शिवाय कल्हई गेलेल्या पातेल्यांतील कळकलेल्या ताकासारखी एक चव तोंडांत सदोदित मुक्कामाला.

आरशापुढें जीभ काढून पाहण्याचा मला नादच लागला. एखादा चट्टा, एखादा फोड सांपडेल तर बरें, असें वाटे. आजार सांपडावा म्हणून देवाची करुणा भाकणारी बाई मीच असेन! दंतवैद्य झाले, रक्त तपासून झालें. साखर, लोह, ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, सारें निर्दोष. एकेक कागद हातीं आला, कीं घरांतलीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकीत, आणि मी अधिकच एकटी पडें.

त्यांतून या दुखण्याची खोड अशी, कीं खातांना तें पुष्कळदां निवतें. एका डोहाळजेवणांत मला करंजी खातांना पाहून माझ्या वन्सं चारचौघींत म्हणाल्या, "वहिनी, करंजी बरी चालते हो तुमच्या जिभेला!" बायका हंसल्या, मीही हंसलें. घरीं येऊन मात्र न जेवतां निजलें. वन्सं दुष्ट नाहींत. माझ्या बाळंतपणांत त्या रात्र रात्र जागल्या आहेत. पण त्यांनीं डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि मजजवळ दाखवायला कांहींच नव्हतें.

शेवटीं एका वयस्क डॉक्टरांनीं सारी हकीकत न तोडतां ऐकली आणि म्हणाले, "बाई, तुमची जीभ चांगली आहे. तिची बातमी वर नेणाऱ्या बारीक तारा बिघडल्या आहेत." या विकाराला 'बर्निंग माउथ सिंड्रोम' म्हणतात. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांत तो अधिक आढळतो. त्याचें मूळ अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. नांव ऐकून मी तेथेंच रडलें. औषध नव्हे, नुसतें नांव!

त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली. मिरचीचें तिखट ज्या दारानें मज्जातंतूंत शिरतें, त्याच दारानें चटक्याची उष्णताही शिरते. हें दार १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेंत ओळखलें गेलें, आणि २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वांटा होता. तेव्हां मिरचीनें तोंडाची 'आग' झाली म्हणतों, तो केवळ अलंकार नव्हे. वन्संना हें कोणीं सांगावें?

फेफऱ्यावर देतात त्या जातीची एक गोळी मला मिळाली. ती गिळायची नाहीं, थोडा वेळ तोंडांत विरघळूं देऊन थुंकून टाकायची. कांहींना तिनें गुण येतो. मला निम्मा आला. झणझणीत दंतमंजन सुटलें, लिंबाचें लोणचें सुटलें, आणि आमटी मी आतां वासावर करतें. मीठ यजमान चाखतात.

पूर्वीं ते "मनावर घेऊं नकोस" म्हणत. हल्लीं तसें म्हणत नाहींत. दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दारांत येऊन विचारतात, "आज किती?" आणे चलनांतून जाऊन किती वर्षें लोटलीं, पण आमचा हिशेब त्यांतच चालतो.

काल मीं सांगितलें, "दहा आणे."

"परवां बारा होते," असें म्हणून त्यांनीं पळी उचलली, आमटी चाखली आणि आणखी चिमूटभर मीठ टाकलें.