मौजेसाठी अडवलेलं पाणी

अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या उत्तरेला, मॅकडॉवेल ग्रोव्हच्या रानात, ड्यूपेज नदीच्या पश्चिम फाट्यावर एक ठेंगणा बंधारा होता. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, सरकारी छावणीतल्या बेकार पोरांनी बांधलेला. ना त्याच्यावर कुणाचं शेत भिजायचं, ना गिरणी फिरायची. लोकांनी नाव वल्हवावी, गळ टाकून बसावं, एवढंच. आमच्या घरच्या आप्पांना त्याचंच नवल. ते कोल्हापूरच्या कसबा बावड्याचे, राजाराम बंधाऱ्याच्या अंगाखांद्यावर वाढलेले. पाऊस सरला की बरगे टाकायचे, फटींत माती ठासायची, मग उसाला पाणी, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. ‘नुसत्या मौजेला पाणी अडवलंय व्हय!’ असं पुटपुटत, जूनमध्येही कानटोपी घालून, ते काठावर बसायचे, आणि मग शेवाळाचा नि कुजक्या पानांचा ओलसर वास, थर्मासमधल्या चहातलं आलं, भडंगातला तळलेला लसूण, आणि या सगळ्याखालून पाण्याची ती एकसुरी, न थांबणारी सर, असं बराच वेळ चालायचं. बोलायचं काही राहिलेलंच नसायचं.

त्या संथ पाण्याच्या तळाशी काय होतं, ते ऐकाल तर चकित व्हाल. वरच्या अंगाला वेस्ट शिकागोत १९३२ पासून गॅसबत्तीच्या मँटलसाठी थोरियम काढणारा कारखाना होता. त्याचा किरणोत्सारी कचरा क्रेस क्रीकमधून वाहत नदीत येऊन गाळात बसलेला. आप्पांच्या लहानपणी वरातीत डोक्यावरून मिरवायची ना, तसलीच बत्ती! तिचं मँटल एकदा पेटलं की नुसती राखेची पांढरी जाळी उरे, बोट लागलं की झडे. आप्पा ती बत्ती पेटवण्यात पटाईत होते. पंप मारून झाला की पोरांना लांब हाकलायचे.

आप्पा पुढे कोल्हापुरातच वारले. इकडे नदीतला गाळ उपसून नेला, २००८ साली बंधाराही काढला, आणि २०११ मध्ये वरचा वॉरनव्हिल ग्रोव्हचाही. मासे आता न अडता वर चढतात, पाणी खेळतं राहतं. काढायलाच हवा होता तो, यात मला शंका नाही. फक्त ती सर गेली, आणि तिच्याबरोबर गप्प बसायची आमची सोयही.

कधी आलात तर जाऊ तिकडे, भडंग मी करीन. पण बंधारा नेमका कुठे होता, हे मला आता दाखवता येणार नाही.