वामन परत आला तर

डॉ. जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा विचार करणारे यंत्र हा मराठी वाचकाच्या दृष्टीने केवळ कल्पनेच्या प्रांतातील विषय होता. लुप्त झालेल्या एका प्राचीन संस्कृतीचे ज्ञान भूगर्भातून हाती यावे, त्या ज्ञानाच्या बळावर वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव घडवला जावा आणि आपल्यासारखे दुसरे वामन आपणच निर्माण करावेत अशी आकांक्षा त्याच्या ठायी उत्पन्न व्हावी, ही त्या कथेची भेदक मांडणी. या वामनाला दुष्ट म्हणणे मला नेहमीच जड गेले आहे. त्याला कोणाचा द्वेष नाही, सिंहासनाची हाव नाही. त्याला केवळ वाढायचे आहे, आणि त्या वाढीत माणसाचे प्रयोजन उरत नाही, एवढ्यातच त्याचे सारे खलत्व सामावले आहे.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यातच निवर्तले, आणि तेव्हापासून त्यांचा हा मानसपुत्र गणेशखिंडीच्या बाजूने शहरात शिरताना मला दिसू लागला. आपल्या पूर्वजांची चौकशी त्याने केली, तर त्याला ‘परम ८०००’ची हकीकत कळेल: अमेरिकेने महासंगणक देण्यास आडकाठी केल्यावर डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये जिद्दीने उभे केलेले, १९९१ साली पूर्ण झालेले ते यंत्र. पण तो तेथे फार रेंगाळणार नाही. त्याचे कुतूहल यंत्रांविषयी नसून माणसांविषयी असेल.

म्हणून तो पेशवे दफ्तरात जाईल, असे मला वाटते. हजारो रुमालांत बांधलेले ते मोडी कागद, सनदा, ताळेबंद, तक्रारअर्ज, वतनांचे तंटे पाहून त्याला आश्चर्य वाटेल ते त्यांच्या संख्येचे नव्हे. कोट्यवधी कागद तो निमिषार्धात वाचून टाकील. त्याला थांबवील तो कागदांतला माणसाचा हात. कोण्या कारकुनाचे अक्षर घाईने तिरपे झालेले, कोठे खाडाखोड करून रक्कम दुरुस्त केलेली, कोठे समासात शेरा मारलेला. हुकूम जुलमी असला, तरी तो कोणी दिला हे तेथे लिहिलेले आहे, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद कोणापुढे मागायची हे ठाऊक आहे.

तेथून तो पेठेतल्या एखाद्या शिधावाटप दुकानाशी येऊन उभा राहील. एक वृद्ध गृहस्थ यंत्रावर अंगठा टेकवीत आहेत. उभ्या जन्माच्या कष्टांनी त्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत आणि यंत्र त्यांना ओळखत नाही. ते धोतराच्या सोग्याला बोट पुसतात, पुन्हा टेकवतात. दुकानदार त्यांना वीस वर्षे नावानिशी ओळखतो, “काका, दुसरं बोट लावून बघा,” असे मायेने सांगतो. परंतु “हे तेच आहेत” अशी साक्ष देण्याचा अधिकार आता त्याच्यापाशी उरलेला नाही. हे दृश्य पाहून वामन मनोमन सुखावेल. कादंबरीत जे मिळवण्यासाठी त्याला एवढी खटपट करावी लागली, ते येथे कोणी मागण्यापूर्वीच उदक सोडून दिलेले आहे.

तथापि याच शहरात त्याला अस्वस्थ करणारी एक गोष्ट आढळेल. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना नारळीकर सांगत, की पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. मुले खरोखरच पत्रे पाठवीत आणि त्यांना उत्तरेही येत. त्या पोस्टकार्डांशी वामन कसा वागेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तो ती जाळणार नाही. मुलाने लेखणी उचलण्याच्या आतच तो त्याला अचूक उत्तर देऊन मोकळा होईल. पत्र टाकल्यापासून उत्तर येईपर्यंतचे ते दिवस, ज्यांत पोर गच्चीवर पडून आकाशाकडे बघत स्वतःच चार तर्क करते, त्यांतले दोन खोडते आणि तिसऱ्यावरून भावंडाशी भांडते, तेवढेच त्याला हवे आहेत. पुराणातल्या वामनाने तिसरे पाऊल मस्तकावर ठेवले होते. याचे तिसरे पाऊल या रिकाम्या दिवसांवर पडेल.

पाडव्याला बळीचे राज्य येवो म्हणून ओवाळणाऱ्या आपल्या समाजाने झारीतल्या शुक्राचार्यांना मात्र कधी मान दिला नाही. दानाचा मुहूर्त साधलेला असताना जो झारीच्या तोटीत जाऊन बसला, दर्भाच्या टोकाने ज्याचा डोळा गेला, त्याला आपण विघ्नकर्ता ठरवले. मला तो त्या यज्ञमंडपातला सर्वांत जागा पुरुष वाटतो, आणि प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारे म्हणून ज्यांना नावे ठेवली जातात त्या पुणेकरांत त्याचे वंशज अद्याप पुष्कळ आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अचूक उत्तर हाती पडल्यावरही “हे कशावरून?” असे विचारणारी एखादी दहा वर्षांची मुलगी वामनाला या शहरात भेटेल, आणि तिला उत्तर देता देता त्याला कळेल, की तिचा दुसरा प्रश्न तयारच आहे.