पत्ता बदलला, पत्रे राहिली

आयसेलिनमधली आपली मंडळी घरे बदलतात, पण ईमेलचा पत्ता बदलावा लागेल असे आम्हाला वाटले नव्हते. इंटरनेटबरोबर तो फुकटच मिळालेला! पण 2017 साली व्हेरायझनने आपली ईमेल सेवा बंद केली. ग्राहकांनी जुना पत्ता ठेवून एओएलकडे जावे, नाहीतर दुसरीकडे सोय पाहावी, असे कळवले. 2024 साली कॉक्सनेही आपल्या ग्राहकांचे ईमेल याहूकडे सोपवले.

आमच्या जुन्या पेटीत सांगलीच्या आजोबांची पत्रे होती. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि शेवटी ‘अभ्यास करा’ ठरलेले. आजोबा आता नाहीत. ती पत्रे हरवणे परवडणारे नव्हते.

आम्ही दोन रविवार बसलो. थंडरबर्ड या फुकट प्रोग्रॅममध्ये जुनी आणि नवी पेटी शेजारी उघडली आणि पत्रे इकडून तिकडे नेली. नवी सेवा जाहिरातींवर नव्हे, वर्गणीवर चालणारी हवी होती. स्वित्झर्लंडची प्रोटॉन, ऑस्ट्रेलियाची फास्टमेल अशा काही आहेत. शिवाय स्वतःचे डोमेन घेतले. दरवर्षी फी भरायची, मग पत्ता आपला. उद्या सेवा बदलली तरी दारावरची पाटी तीच!

पालकहो, जुनी पेटी बंद होण्याआधी बँक, डॉक्टर, शाळा आणि भारतातल्या नातेवाइकांना नवा पत्ता कळवा. आणि बालमित्रांनो, आजी-आजोबांची निवडक पत्रे छापून फाईलला लावा. फाईलला पासवर्ड लागत नाही.