शांघायची हिरवी भाजी

शांघाय म्हटले की उंच इमारतीच डोळ्यांपुढे येतात. पण सकाळी लवकर तिथल्या एखाद्या मंडईत शिरा. ओली जमीन, निवडानिवड, घासाघीस, सारे आपल्यासारखेच. पैसे मात्र म्हाताऱ्यासुद्धा मोबाईलवर चुकते करतात! आणि गाळ्यागाळ्यावर वीतभर उंचीच्या हिरव्या गड्ड्यांच्या राशी.

थोरली मुलगी नोकरीनिमित्त तिथे असते, म्हणून जानेवारीत आम्ही उभयता तीन आठवडे जाऊन आलो. शेती खात्यातल्या माणसाची पावले मंडईकडेच वळायची.

ही भाजी म्हणजे आपल्याकडे पुण्याच्या आसपास हॉटेलांसाठी पिकवतात ती पाकचोय. 'पाकचोय' हे दक्षिण चीनमधल्या कँटोनी बोलीतले नाव, अर्थ पांढरी भाजी, कारण तिचे देठ पांढरे. शांघायकडच्या जातीचे देठ फिकट हिरवे, म्हणून ती 'छिंगत्साय', म्हणजे हिरवी भाजी. कोबी तिची चुलत बहीण, सलगम मात्र सख्खी.

आपल्याकडे एक गोष्ट मला नेहमी खटकते. भाव पडला की ही भाजी क्रेटच्या क्रेट गुरांपुढे जाते. घरात विचारावे, तर बाई म्हणतात, "ती करायची कशी, साहेब?" पिकवणाऱ्याच्याच ताटात ती नाही. म्हणून मुलीच्या शेजारच्या आजींनी आमच्या मंडळींना जे करून दाखवले, ते इथे सविस्तर सांगतो.

आजी आधी गड्डा हातात घेऊन देठ नखाने दाबतात. कट्कन मोडला तर घ्यायचा, वाकला तर ठेवून द्यायचा. बुडाशी देठांच्या बेचक्यात माती दडलेली असते. म्हणून बुडखा कापून पाने सुटी करायची, नाहीतर गड्डा उभा चिरायचा, आणि भरपूर पाण्यात तीनदा खळबळून धुवायचा. मग चाळणीत निथळत ठेवायचा. ओली भाजी तापल्या तेलात गेली की तेल उडते आणि भाजी परतण्याऐवजी शिजत बसते.

कढई लोखंडी, जाळ मोठा. तेलात ठेचलेला लसूण, त्याचा वास सुटला की आधी देठ. ते जरा चकाकले की पाने. एकसारखे हलवायचे, पाणी घालायचे नाही, झाकण ठेवायचे नाही. झाकणाखाली भाजीतले आम्ल कोंडते आणि हिरवा रंग मळकट होतो. मीठ शेवटी, कारण आधी घातले तर पाणी सुटते. आजी चिमूटभर साखरही टाकतात. दोन-तीन मिनिटांत भाजी ताटात! देठ दाताखाली करकरला पाहिजे. कधी त्यात भिजवलेली वाळकी अळंबी पडतात, कधी हीच भाजी खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर भातात शिजते. शाकाहारी घरात नुसत्या भाजीचा भातही चांगला होतो.

साखरेवरून आठवले. यांगत्सी नदीच्या मुखाशी गाळाने बनलेले छोंगमिंग बेट आहे, तिथली शेते एका सकाळी पाहिली. पानांवर दहिवर गोठून पांढरे झाले होते. थंडीने भाजी गेली, असे आपण म्हणू. तिकडचे लोक याच भाजीची वाट पाहतात. थंडीत हे झाड स्वतःतल्या पिष्टाची साखर करते, त्यामुळे पेशींतला रस सहजी गोठत नाही आणि भाजी गोड लागते. आपल्याकडेही ती थंडीतच लावावी. उन्हाळ्यात पाने तिखटसर होतात आणि फुलोरा लवकर येतो.

बांधाकडेला घरापुरता एक वाफा वेगळा ठेवा. त्यावर फवारणी नको. विक्रीच्या प्लॉटातली आणायची, तर औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पुरे होऊ द्या. वाफा दाट पेरलात तरी चालेल. विरळणीतली कोवळी रोपे फेकू नका. शांघायात अशी भाजी 'कोंबडीचे पीस' या नावाने विकतात आणि तिचे सार करतात.

आमच्या घरी परवा हिला पीठ पेरून पाहिले. वाईट नव्हती. पण पहिल्यांदा नुसत्या लसणावर करा, म्हणजे भाजीची स्वतःची चव कळेल. आणि गड्डे फुलावर आलेच, तर कळीसकट कोवळे दांडे खुडून त्याच कढईत टाका. शांघायच्या मंडईत वसंतात त्यांच्या जुड्या येतात.