तिसरं पेडल

नोकरी गेली त्या दिवशी माझी गाडी चार स्टँडवर उभी होती आणि तिचा गिअरबॉक्स खाली पुठ्ठ्यावर पडलेला होता.

गाडी म्हणजे १९८३ची मर्सिडीज ३०० डी. ऐकायला भारी वाटतं, पण कॅलिफोर्नियात मला ती दोन-तीन आयफोनच्या किमतीत मिळाली होती. घ्यायचं खरं कारण तिचं इंजिन. अण्णांनी कित्येक वर्षं कराड-पाटण वडाप केली, टेम्पो ट्रॅक्सवर. ट्रॅक्सचं डिझेल इंजिन मूळचं मर्सिडीजचं, ओएम ६१६, परवाना घेऊन आपल्याकडे बनवलेलं. माझ्या गाडीत ओएम ६१७. म्हणजे त्याच घरातलं, चाराऐवजी पाच सिलिंडरचं, वर टर्बो. व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला तर अण्णा म्हणाले, "आपलीच की रं ही!" मग आत डोकावून, "आणि क्लच कुठाय?"

क्लच नव्हता. त्या वर्षीची ३०० डी अमेरिकेत ऑटोमॅटिकच यायची. तिची धाकटी बहीण २४० डी मात्र मॅन्युअलमध्येही मिळायची. भंगारात निघालेल्या एका २४० डीचा चार गिअरचा बॉक्स, पेडलं, फ्लायव्हील आणि प्रॉपेलर शाफ्ट मी उचलला. माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोड लिहायची. क्लचची आकृती परीक्षेत तीनदा काढली होती, हात एकदाही काळे झाले नव्हते.

मित्राच्या फ्रीमाँटमधल्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं. ऑटोमॅटिक बॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर उतरवला. क्रँकशाफ्टच्या टोकात एक छोटं बेअरिंग बसवलं, ऑटोमॅटिकला ते लागतच नाही. फ्लायव्हील मात्र सरळ लावता येत नाही. या इंजिनाचा क्रँक जुन्या प्लेटसकट बॅलन्स केलेला असतो, म्हणून नवं फ्लायव्हील त्या प्लेटशी जुळवून घ्यावं लागतं. ते जुळवायला टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी पंधरा मिनिटांची मीटिंग आली. आमची पूर्ण टीम गेली.

एच-वन-बीवर असलेल्या माणसाला अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मी सकाळी अर्ज भरायचो, मुलाखती द्यायचो आणि उरलेला वेळ गाडीखाली. अण्णांना काही सांगितलं नाही. गिअरबॉक्सबद्दल मात्र रोज बोलायचो.

क्लच बसला, पेडल बसलं, पण दाबलं की सरळ जमिनीला टेकायचं. पाइपात हवा. या गाडीत क्लचला तेल ब्रेकच्याच डबीतून येतं. दोन दिवस मी वरून तेल ओतून खालून हवा काढत होतो. अण्णा म्हणाले, "हवा वर पळती. तू तिला खाली का ओढतोयस? खालनं तेल ढकल." पुढच्या चाकाच्या ब्रेकच्या निपलपासून क्लचच्या खालच्या सिलिंडरच्या निपलपर्यंत नळी जोडली, ब्रेक हळूहळू दाबत राहिलो. डबीत बुडबुडे आले आणि क्लच कडक झाला.

मी ओरडलोच. पलीकडे शांतता.

"बाळा, इथं रात्रीचे साडेदहा झाले. तुझ्याकडं सकाळचे दहा. बुधवार हाय. ऑफिस न्हाई?"

खोटं तयार होतं, पण निघालं नाही. म्हणालो, "अण्णा, नोकरी गेली. चोविसावा दिवस आहे."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ट्रॅक्स विकली तवा मी तुझ्या आईला तीन आठवडं सांगितलं न्हवतं. डबा घेऊन स्टँडवर बसायचो."

तो डबा मला आठवतो. संध्याकाळी रिकामा यायचा. मी तेव्हा सातवीत होतो.

"आईला सांगू?"

"मी सांगतो. तू गाडी चालू कर."

चावी फिरवली तर काहीच नाही. ऑटोमॅटिक गाडी दांडा 'पी' किंवा 'एन'वर असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही आणि ते बघणारा स्विच मी जुन्या बॉक्सबरोबर काढून टाकला होता. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि इंजिन धडधडलं.

"आता ती काय बघणार न्हाई," अण्णा म्हणाले. "गिअरमध्ये असली तरी उडी मारंल. चावी मारायच्या आधी न्यूट्रल तूच बघायचा."

गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तेवढ्यात दोनदा बंद पाडली. फोन डॅशबोर्डवर होता आणि अण्णा हसत होते.

नव्या कंपनीचा अर्ज ५३व्या दिवशी गेला. पगार आधीपेक्षा कमी आहे, ऑफिस लांब आहे. गाडी मीच चालवत जातो. चावीला हात लावण्याआधी दांडा डावी-उजवीकडे हलवून बघतो. मोकळा असला की मगच.